भरली घागर सोडताना

काम दोन महिन्यांचं होतं. मी चार सांगितले. आज इतक्या वर्षांनी हे आठवलं तरी त्या साहेबाच्या टेबलावर मूठ आपटावीशी वाटते, आणि मग तीच मूठ स्वतःच्या कपाळावर.

मी लातूरला बारदान्याचा धंदा करायचे. आडतीत रिकामी झालेली पोती उचलायची, फाटलेली शिवायची, झटकून गठ्ठे बांधायचे आणि पुन्हा बाजारात द्यायची. या धंद्यात खरा आकडा पहिल्यांदा कुणी बोलत नाही. व्यापारी म्हणाला, आठ दिवसांत पोती पाहिजेत, की समजायचं त्याला पंधरा दिवस चालतात. मग मी वीस म्हणायचं. तो डोक्याला हात लावणार, मी उठून जायचं नाटक करणार, आणि शेवटी दोघं पंधरावर येऊन चहा पिणार. हे खोटं बोलणं नव्हे. दोघांनाही ठाऊक असतं. मी अक्षरं फारशी शिकले नाही, पण ही भाषा चांगली शिकले होते, आणि तिच्यावरच घर उभं केलं होतं.

दुसरी एक गोष्ट शिकले होते, ती नांदेडला.

माझा जन्म कंधारकडच्या एका गावचा. आई-बाप मजुरी करायचे. आमच्या वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीसाठी मामा मुलांना विहारापुढं काठी शिकवायचा. मुलींना त्या काळी कुणी हातात काठी देत नव्हतं. मी भाकरी थापताना बघायचे आणि नंतर गोठ्यामागं करून पाहायचे. पुढं पोती शिवायच्या कामाला नांदेडला गेले, तेव्हा स्टेशनच्या मागं एका फौजेतून आलेल्या मास्तरचा वर्ग दिसला. पडकी चाळ, पत्र्याचं छप्पर, आणि आत पंधरावीस बाप्ये एकमेकांना आपटत होते. मी दारात उभी राहिले. ते काय शिकवत होते ते धड कुस्ती नव्हतं, धड कराटे नव्हतं. पकड सोडवायची तालमीतली, माणूस पाडायचा ज्युदोचा, ठोसा बॉक्सिंगचा, पाय टाकायचे काठीवाल्यासारखे. मी विचारलं, ह्याला म्हणतात काय? मास्तर म्हणाले, "नाव कशाला पाहिजे? नाव ठेवलं की भांडणं सुरू होतात. कामाचं आहे तेवढं बघ."

बाई म्हणून ते शिकवायला तयार नव्हते. मी बघितलं, त्यांची पोरं उघड्या फरशीवर पडत होती, कोपरं सोलत होती. मी म्हणाले, भुसा भरून पोत्यांच्या गाद्या शिवून देते, ठोसे मारायला टांगती पोती पण देते, तुम्ही मला शिकवा. ते म्हणाले, सहा गाद्या. मी म्हणाले, चार. पाचांवर तोडलं. तीन वर्षं शिकले. सगळ्यांत जास्त वेळा त्यांनी एकच सांगितलं असेल: हातातली वस्तू आधी सोडायची. माणूस वस्तू वाचवायला जातो आणि हात गमावतो.

लातूर वेगळा जिल्हा झाला तसे लोक तिकडं धावले. ऑफिसं येणार, गोदामं येणार, बाजार वाढणार. मीही गेले. ऑफिसं आली, पण भाड्याच्या घरांत. एका खात्याची पाटी पिठाच्या गिरणीवर लागलेली मी स्वतः पाहिली, खाली दळण चालू आणि वर साहेब. पाऊस मात्र आला नाही. आला तो पोळ्याच्या आधी चार शिंतोडे देऊन गेला. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागले.

औसा रस्त्याला, गावाबाहेर, मुलींचं एक वसतिगृह होतं. तीसेक मुली. त्यांची विहीर आटली तेव्हा मुलींनाच रोज संध्याकाळी घागरी घेऊन मैलभर लांबच्या एका मळ्यात जावं लागायचं. मळ्यातला शेतकरी भला होता, भरू द्यायचा. अडचण वाटेची होती. वाटेत कोरड्या ओढ्यावरची एक मोरी लागायची. तिच्या कठड्यावर दोघंतिघं फटफटी लावून बसायचे. आधी शिट्ट्या. मग नावं. मग डोक्यावर घागर असलेल्या मुलीची वेणी ओढणं, कारण तिचे दोन्ही हात वर अडकलेले.

वसतिगृहाच्या रेक्टरबाई एके दिवशी माझ्या गोदामात आल्या. पोत्यांच्या धुळीनं त्यांना शिंका यायला लागल्या.

"तुम्हाला ते मारामारीचं येतं म्हणतात," त्या पदर नाकाला लावून म्हणाल्या.

"मारामारीचं नाही. सुटून यायचं येतं."

"तेच शिकवा मुलींना. पोलिसात गेलं तर पहिल्यांदा मुलीचं नाव विचारतात. एक मुलगी आहे मॅट्रिकची, हुशार. तिच्या बापानं सांगितलंय, अजून एकदा काही ऐकलं तर बोचकं बांधून घरी. परीक्षेला चारच महिने राहिलेत हो."

मी लगेच हो म्हणाले. पण बाहेरच्या माणसाला वसतिगृहात शिकवायला नव्या जिल्ह्याच्या साहेबाची परवानगी पाहिजे होती. साहेब बदलून आलेले, वयानं तरुण, बोलायला मऊ. टेबलावर नवी कोरी फाईल. त्यांनी विचारलं, "किती दिवस लागतील?"

मला लागणार होते दोन महिने, रोज तासभर. मला वाटलं, साहेब अर्धं कापणार. सगळेच कापतात. मी म्हणाले, "चार महिने."

मी वाट बघत बसले. साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. कापलं नाही. घासाघीस केली नाही. "चार" लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"साहेब, म्हणजे तसं कमी पण..." मी सुरुवात केली.

"नाही नाही, तुमचं तुम्हाला माहीत. बरं, शैलीचं नाव काय? प्रमाणपत्र?"

"नाव नाही. कामाचं आहे."

त्यांनी तेही लिहिलं. मग मला राग आला. मी म्हणाले, मोरीवरची माणसं प्रमाणपत्र बघून थांबणार आहेत का? आवाज चढला. शिपाई आत डोकावला. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही शांत व्हा, कळवतो." बाहेर आले तेव्हा कळलं होतं, काहीतरी चुकलंय. बाजारात आकडा हवेत असतो, दोघांच्या मध्ये. तिथं तो कागदावर बसला आणि मेला.

आठ दिवसांनी रेक्टरबाईंनी सांगितलं: चार महिन्यांत परीक्षाच येते, म्हणून माझा अर्ज अव्यवहार्य ठरला. मोठ्या शहरातून पांढऱ्या कपड्यातले कराटेचे एक सर येणार होते. त्यांनी पंधरा दिवस सांगितले होते.

मी ते पंधरा दिवस कुंपणाबाहेरून बघितले. लपून नव्हे, चांगली कमरेवर हात ठेवून. सर वाईट नव्हते. मुलींना रांगेत उभं करायचे, पाय फाकवून, मुठी कमरेला. एक म्हटलं की उजवी, दोन म्हटलं की डावी, आणि मोठ्यानं हूऽ. मुलींना मजा यायची. एकदा न राहवून मी विचारलं, "सर, डोक्यावर घागर असली तर मूठ कमरेला कशी न्यायची?" ते हसले. "ताई, आधी पाया पक्का होऊ द्या." पंधरा दिवसांत पाया पक्का करून ते गेले. फोटो निघाला.

पुढच्याच आठवड्यात मोरीवर त्या मॅट्रिकच्या मुलीचं मनगट धरलं गेलं. बरोबरच्या मुलींनी मला नंतर सगळं दाखवलं. तिनं एका हातानं घागर धरून ठेवली, पाय फाकवले, आणि दुसऱ्या हाताची मूठ कमरेला न्यायला गेली. ते हसले. एकानं मनगट पिरगाळून ओढलं. तिनं घागर सोडली असती तर सुटली असती. सोडली नाही. घागरीसकट ती मोरीच्या दगडावर पडली आणि मनगट गेलं. पाणी अर्धं वाचलं म्हणे.

तिचा बाप दुसऱ्या दिवशी आला. औशाच्या बाजारात हमाल होता, रुंद खांद्याचा, कमी बोलणारा. रेक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. मुलगी हाताला लाकडी पट्ट्या बांधून भिंतीशी बसली होती. तिचं बोचकं बांधून झालं होतं.

"पोरीला मी शिकाया ठिवलं व्हतं," तो म्हणाला, "पाणी वाहून हात मोडाया न्हाई."

मी बसले. "दादा, मला एक महिना द्या. नाही तर पंधरा दिवस. मी तिला..."

त्यानं हात वर केला. "आक्का, मी बी आडतीतलाच हाय. तुमच्या पोत्यानं पाठ सोललीया माझी. मला आकडं नका सांगू."

"मग काय सांगू?"

"संध्याकाळी पोरी पाण्याला जातात तवा तुमी सोता जानार का त्यांच्यासंगं? रोज? हाव का न्हाई, येवढं बोला."

संध्याकाळ म्हणजे माझ्या धंद्याची वेळ. आडती त्याच वेळी पोती सोडतात. मी मनातल्या मनात आडती मोजायला लागले. तो बोचकं उचलायला वाकला.

"हाव," मी म्हणाले.

तो बोचकं तिथंच ठेवून औशाच्या बसला गेला. मुलगी माझ्याकडं बघत नव्हती. मी तिला म्हणाले, "तू घागर का नाही सोडली ग?"

"आक्का, भरलेली होती," ती म्हणाली, जणू मी काही खुळ्यासारखं विचारलं होतं.

वसतिगृहात शिकवायला मला परवानगी नव्हती. रस्त्यावर चालायला कुणाची परवानगी लागत नाही. तेव्हा आमचा वर्ग त्या मैलभर वाटेवर भरायचा, जाताना, रिकाम्या घागरी घेऊन. ती मुलगीही हात मोडका म्हणून घागर न घेता सोबत यायची, बापाच्या अटीप्रमाणं तिच्यावर माझी नजर राहावी म्हणून. मी चालता चालता दाखवायचे: मनगट धरलं तर ओढू नका, धरणाऱ्याच्या अंगठ्याकडं वळवा, पकड तिथंच कच्ची असते. मागून कवळ घातली तर टाच त्याच्या पावलावर, कोपर बरगडीत. तोंडावर मारायचं तर मुठीनं नको, तळहातानं, हनुवटीखालून. आणि मग थांबायचं नाही. पळायचं, आणि माणसं असतील तिकडं पळायचं. हे सगळं त्या पटापट शिकल्या. शेतमजुरांच्या, शिपायांच्या, मास्तरांच्या पोरी, अंगात ताकद होतीच. एकीनं तर मलाच पाडलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. "आक्का, पाया पक्का होऊ द्या!" ती म्हणाली. मी हसले नाही, पण मनात बरं वाटलं.

अडलं ते घागरीपाशी.

मी सांगायचे, धरलं की पहिल्यांदा हात उघडा, घागर जाऊ द्या, जमलं तर त्याच्या पायावर. भरली घागर पायावर पडली तर बैलसुद्धा लंगडेल. रिकामी घागर सगळ्या सोडायच्या. मातीनं भरलेली सोडायच्या. पाण्यानं भरली की बोटं उघडायची नाहीत. मी अचानक मागून मनगट धरायचे, आणि मुलगी पहिल्यांदा मान ताठ करायची, घागर सावरायची, मग मला कोपर मारायला बघायची. तोवर उशीर झालेला. रोज हेच. मी चिडायचे. "गाढवांनो, पाणी मोठं का जीव?"

"आक्का, जीव तर हाय," एक बारकी सातवीतली म्हणाली, "पानी कुठं हाय?"

एके दिवशी माझा संताप झाला. मी घरून माझी स्वतःची भरलेली घागर आणली. सगळ्यांच्या समोर डोक्यावर घेतली आणि हात उघडले. धप्प. पाणी रस्त्यावर पसरलं. कुणी हूऽ केलं नाही. दोघी खाली बसल्या आणि ओल्या चिखलातून ओंजळीनं पाणी वर घ्यायला लागल्या, तेही जमेना. ती मोडक्या हाताची मुलगी एकदम रडायला लागली. मोरीवर रडली नव्हती.

मी त्या रात्री जेवले नाही. रागानं. कुणावर, ते नीट सांगता येत नव्हतं. मास्तरांनी शिकवलेलं खरं होतं, पण मास्तर नदीकाठच्या नांदेडात शिकवत होते. इथं घागर ही वस्तू नव्हती. एका घागरीत दुसऱ्या दिवसाची आंघोळ, तोंड धुणं, कपडे, आणि एक तांब्या स्वयंपाकघराला. जिची घागर गेली ती दुसऱ्या दिवशी कुणाकडं तोंड वेंगाडणार? त्या भीतीपुढं मोरीवरचा माणूस थोडा लहान पडत होता.

म्हणजे हा कला शिकवण्याचा प्रश्न नव्हता. हा सौद्याचा प्रश्न होता, आणि सौदा मला येत होता.

दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या विहिरीवर मी सगळ्यांना बसवलं. "जिची घागर अशा वेळी पडेल," मी म्हणाले, "तिला बाकीच्या प्रत्येकीनं आपल्यातलं दोन तांबे द्यायचे."

"दोन लई होतंय, आक्का!"

"मग एक."

"अर्धा."

"तीस जणी आहात. अर्ध्यानं तिची घागर अर्धीच भरंल. एकानं भरते."

त्यांनी आपसांत चर्चा केली, बाजारात करतात तशीच, तोंडं एकत्र करून. मग मोठी एक उठली. "आन् कुनी मुद्दाम पाडली तर? भरून मिळतंय म्हणून?"

"तिनं आठ दिवस सगळ्यांच्या चुंबळी धुवायच्या."

"कशानं? पानी न्हाई तर?" आणि सगळ्या हसत सुटल्या. पण एक तांब्या ठरला. मी तीन वेळा त्यांच्याकडून वदवून घेतलं. त्या दिवशी परतताना मी एकीचं मनगट मागून धरलं, आणि तिनं घागर सोडली. खरंच सोडली. माझ्या पायाचा अंगठा काळानिळा झाला. बाकीच्यांनी तिथंच रस्त्यात घागरी उतरवल्या आणि एकेक तांब्या ओतला. तिची घागर भरून वर सांडली, कारण सातवीतल्या बारकीनं दोन ओतले.

परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना मोरीवर ते झालं. मॅट्रिकच्या मुलीचा हात बांधणीतून सुटला होता आणि ती हट्टानं घागर घ्यायला लागली होती. मी मागं होते, एकीची चुंबळ सरकली म्हणून थांबले होते. पुढं फटफटी आडवी आलेली दिसली. एक उतरला आणि त्यानं तिचं तेच मनगट धरलं, दुखरं. मी ओरडत धावले. पण माझी गरज नव्हती. तिनं हात उघडले. घागर त्याच्या नडगीवर उतरली, तो "आय्यो" म्हणून वाकला, तिनं मनगट त्याच्या अंगठ्याकडं वळवून सोडवलं, कोपर दिलं आणि आमच्याकडं पळत आली. एवढंच. श्वास चार घेतले असतील तेवढ्या वेळात. मागच्या मुली घागरी खाली ठेवून हातात हात घालून उभ्या राहिल्या. मी त्या दोघांना काय बोलले ते इथं सांगत नाही. फटफटी गेली. उतरलेला लंगडत चढला.

बातमी औशापर्यंत दोन दिवसांत गेली. बाप पुन्हा आला. मला वाटलं, सगळं संपलं. त्यानं मुलीचं मनगट हातात घेऊन दाबून पाहिलं.

"दुखतंय?"

"थोडं."

"घागर?"

"चेपली."

त्यानं तिचं मनगट हळूच खाली ठेवलं. मग मला म्हणाला, "आक्का, परीक्षेपातूर येत जावा," आणि उठला. ठीक आहे. मी गेले. परीक्षेपर्यंत रोज गेले, माझ्या तीन आडती दुसऱ्याकडं गेल्या तरी गेले.

वर्षाअखेरीस साहेबांच्या ऑफिसात कार्यक्रम झाला म्हणे. पंधरा दिवसांच्या शिबिरानंतर छेडछाडीची तक्रार आलेली नाही, असं तिथं वाचलं गेलं. खरंच आली नव्हती. कुणी कुठं करायची ते सांगणारं कुणी नव्हतं. मी साहेबांकडं दोनदा गेले हे सांगायला. पहिल्यांदा ते दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा भेटले, पाणी विचारलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "बाई, तुम्हीच तेव्हा चार महिने म्हणाला होता." मी दार आपटून आले.

शेवटच्या पेपरला मी केंद्राबाहेर उभी होते. मुलगी बाहेर आली, मनगट चोळत. बोटं सुजली होती.

"कसा गेला?"

"चांगला. एक प्रश्न राहिला. येत होता, पण हात चालंना."

"किती मार्कांचा?"

"सोडा आक्का, पास होते की मी."

पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली, पुढं नांदेडला नर्सिंगला गेली, आता तिच्याही मुली मोठ्या असतील. पण मी मार्कलिस्ट बघायला गेले तेव्हा तो पेपर पहिल्यांदा शोधला. बाकी सगळ्यांपेक्षा तिथं कमी होते. साहेबानं दोन महिने दिले असते तर मनगट मोडलं नसतं, असं मी पुष्कळ दिवस सगळ्यांना सांगत फिरले. साहेबाकडं मी दोन मागितलेच नव्हते, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.